पारनेरच्या सतरा जागा आणि पसंतीक्रमाचे मत

१९ जानेवारी २०२२ रोजी पारनेर नगरपंचायतीचा निकाल लागला. जागा १७. राष्ट्रवादी काँग्रेसला ७, शिवसेनेला ६, पारनेर शहर विकास आघाडीला २, भाजपला १ आणि एका अपक्षाला १. बहुमताचा आकडा ९, आणि तो कोणाकडेच नव्हता. गुलाल उधळून झाला, तरी नगराध्यक्ष कोण होणार हे मतदारांना माहीत नव्हते. ते पुढच्या काही दिवसांत ठरायचे होते आणि त्यात मतदाराला काही काम उरले नव्हते.

या निवडणुकीकडे आधीपासूनच साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष होते. २०१९ साली राष्ट्रवादीच्या नीलेश लंके यांनी विधानसभेचे तत्कालीन उपाध्यक्ष, शिवसेनेचे विजय औटी यांचा सुमारे ६० हजार मतांनी पराभव केला होता. पुढच्याच वर्षी, जुलै २०२० मध्ये, पारनेरच्या शिवसेनेच्या पाच नगरसेवकांनी बारामतीत अजित पवारांच्या उपस्थितीत राष्ट्रवादीत प्रवेश केला. राज्यात तेव्हा दोन्ही पक्ष एकाच सरकारात होते. एका तालुक्याच्या गावातल्या पाच नगरसेवकांवरून महाविकास आघाडीत तणाव निर्माण झाला आणि चारच दिवसांत ते पाचही जण मातोश्रीवर जाऊन शिवबंधनात परतले. एवढ्याशा नगरपंचायतीतल्या एकेका जागेला किती वजन असते, ते तेव्हा दिसले.

त्या एकेका जागेमागे मते किती असतात, हा खरा प्रश्न आहे.

नगरपंचायतीत प्रभाग एकसदस्यीय असतो. पारनेरसारख्या गावात एका प्रभागात काही शे मतदार. समजा, एखाद्या प्रभागात ७०० मते पडली. पहिल्याला २६०, दुसऱ्याला २३०, तिसऱ्याला २१०. (हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.) २६० वाला नगरसेवक झाला. त्याला नको म्हणणारे ४४० मतदार पुढची पाच वर्षे नळाच्या, गटारीच्या, घरपट्टीच्या तक्रारी ज्याच्याकडे घेऊन जातील, तो त्यांनी निवडलेला माणूस नसेल. एका प्रभागात असे झाले तर आपण त्याला निवडणुकीतले नशीब म्हणतो. सतराही प्रभागांत थोड्याफार फरकाने हेच झाले, तर सभागृहात बसलेली माणसे आणि गावाचे मत यांचा मेळ बसेलच याची खात्री राहत नाही. एखादा पक्ष गावभर विखुरलेली वीस टक्के मते घेऊन एकही जागा न मिळवता घरी बसू शकतो, आणि दुसरा तेवढीच मते दोन-तीन गल्ल्यांत एकवटून तीन नगरसेवक निवडून आणू शकतो.

पारनेर ज्या नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात आहे, त्याला याचे आणखी तीव्र रूप चांगले ठाऊक आहे. देशातल्या सहकारी साखर कारखानदारीचा पाया याच जिल्ह्यात प्रवरानगरला घातला गेला आणि पुढे कारखाने, बँका, पतसंस्था, सोसायट्या यांच्या निवडणुकांनी इथल्या माणसाला पॅनलचे राजकारण शिकवले. सर्वसाधारण गटातून जेवढे संचालक निवडायचे तेवढी मते प्रत्येक सभासदाला. मग ५२ टक्क्यांचे पॅनल सगळ्या जागा घेऊन जाते आणि ४८ टक्क्यांच्या पॅनलला भोपळा मिळतो. त्यावर गावाने स्वतःचा उतारा शोधला, तो म्हणजे बिनविरोध. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीआधी जाणती माणसे बसतात, या गटाला इतक्या, त्या वाडीला इतक्या, अशा जागा वाटून घेतात. २०२० च्या अखेरीला निवडणूक बिनविरोध करणाऱ्या गावांना २५ लाखांचा निधी देण्याची घोषणा आमदार लंके यांनी पारनेर तालुक्यातच केली होती. या बैठकांत ज्याची जेवढी ताकद तेवढा त्याचा वाटा, हे तत्त्व सगळ्यांना मान्य असते. फक्त ताकद मोजायला मतपेटी नसते. ज्याचा आवाज बैठकीत पोचत नाही, त्याचा वाटाही धरला जात नाही.

ज्याची जितकी मते त्याचा तितका वाटा, हेच तत्त्व मतपेटीतून साधण्याच्या पद्धतीला आपल्या राज्यघटनेने प्रमाणशीर प्रतिनिधित्व म्हटले आहे. ही पद्धत पारनेरला अपरिचित आहे असे मात्र नाही. तिथल्या पदवीधरांनी आणि माध्यमिक शाळांच्या शिक्षकांनी ती स्वतःच्या हाताने वापरली आहे. विधान परिषदेच्या नाशिक विभाग पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत अहिल्यानगर जिल्हा येतो. या निवडणुकीत मतदान यंत्र नसते. मतपत्रिका मिळते, आणि तिच्याबरोबर निवडणूक आयोगाचा जांभळ्या शाईचा पेन. तोच वापरायचा, खिशातला नाही. आवडत्या उमेदवारापुढे १ लिहायचा, त्याच्यानंतरच्यापुढे २, मग ३. आकडा मराठी चालतो, इंग्रजी चालतो, रोमन चालतो. अक्षरात ‘एक’ लिहिले की मत बाद. बरोबरची खूण केली तरी बाद, दोघांपुढे १ लिहिला तरी बाद.

जून २०२४ च्या नाशिक शिक्षक मतदारसंघात वैध मते ६३,१५१ होती. जागा एकच, म्हणून जिंकायला निम्म्याहून अधिक, म्हणजे ३१,५७६ मते हवी होती. पहिल्या पसंतीत तेवढी कोणालाच मिळाली नाहीत. मग सर्वांत मागे असलेला उमेदवार बाद, त्याच्या मतपत्रिकांवरच्या दुसऱ्या पसंती उरलेल्यांत वाटल्या, मग त्याच्या पुढचा बाद, असे करत किशोर दराडे निवडून आले. पहिल्या पसंतीचा माणूस हरला म्हणून त्या शिक्षकाचे मत तिथे संपले नाही. ते पुढे सरकले. कायद्याच्या भाषेत हेच एकल संक्रमणीय मत.

जागा एकाहून जास्त असल्या की या पद्धतीचे खरे सामर्थ्य दिसते. १० जून २०२२ ची राज्यसभेची निवडणूक महाराष्ट्राच्या चांगली लक्षात आहे. सहा जागा, सात उमेदवार, आमदारांची वैध मते २८४. प्रत्येक मताचे मूल्य १०० धरायचे, म्हणजे एकूण २८,४००. जागांत एक मिळवून त्याने भागायचे आणि आलेल्या आकड्यात एक मिळवायचा: २८,४०० भागिले ७, अधिक १, अपूर्णांक सोडून ४,०५८. हा कोटा. सूत्र एका इंग्रज वकिलाचे, हेन्री ड्रूपचे, १८६८ सालचे. त्यामागची अक्कल साधी आहे: सहा जण जिंकू शकतील, पण सातवा तेवढी मते मिळवू शकणारच नाही, असा लहानात लहान आकडा.

त्या दिवशी शिवसेनेच्या संजय पवारांना पहिल्या पसंतीची ३३ मते होती, भाजपच्या धनंजय महाडिकांना २७. कुठल्याही साध्या निवडणुकीत पवार जिंकले असते. पण पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८ मते मिळाली होती, म्हणजे कोट्यापेक्षा कितीतरी जास्त. त्यांच्या मतपत्रिकांवर दुसरी पसंती महाडिकांची होती, आणि ती जादा मते मूल्य कमी करून महाडिकांकडे गेली. महाडिक पुढे निघाले. जिंकणाऱ्याची गरजेपेक्षा जास्त मतेही फुकट जात नाहीत, हरणाऱ्याचीही जात नाहीत. दहा दिवसांनी विधान परिषदेच्या दहा जागांसाठी पुन्हा हेच गणित झाले, काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे हरले, आणि त्याच रात्री एकनाथ शिंदे आपल्या आमदारांसह सुरतेच्या वाटेला लागले. महाराष्ट्राचे सरकार ज्या पेचात कोसळले, त्याची सुरुवात पसंतीक्रमाच्या मतमोजणीच्या रात्री झाली होती.

आता पारनेरच्या नगरसेवकांकडे पाहू. मतदार त्यांना सर्वाधिक मते घेणारा विजयी या साध्या पद्धतीने निवडतात, पण नगरसेवक झाल्यावर त्यांच्या हातातही पसंतीक्रमाची मतपत्रिका येते. घटनेच्या अनुच्छेद १७१ प्रमाणे विधान परिषदेचे एक-तृतीयांश सदस्य स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य निवडतात, आणि तेही प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने, असे घटनेत स्पष्ट म्हटले आहे. प्रत्यक्षात नगरच्या स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघाला जागा एकच आहे. एका जागेचे प्रमाणात वाटप करता येत नाही. कोटा निम्म्यावर जातो, बहुमतवाला ती जागा घेतो, आणि घटनेतला शब्द कागदावरच राहतो. त्या जागेवरचे आमदार अरुण जगताप यांची मुदत जानेवारी २०२२ मध्ये संपली. तोवर राज्यभर स्थानिक संस्थांच्या निवडणुका रखडत गेल्या होत्या, प्रशासक बसत होते, आणि मत द्यायला पुरेसे निवडून आलेले सदस्यच न उरल्याने ही निवडणूकही लांबली.

आमदार आणि नगरसेवकांना जी मतपत्रिका मिळते, ती साध्या मतदाराला का मिळत नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधायला घटना समितीत जावे लागते.

४ जानेवारी १९४९ रोजी मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी लोकसभेची निवडणूक प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने व्हावी अशी दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती नाकारली. त्यांची कारणे दोन. या पद्धतीला मोठ्या प्रमाणावर साक्षरता लागते, मतदाराला निदान आकडे तरी लिहिता-वाचता यावे लागतात. आणि तिने सभागृहाचे तुकडे होऊन सरकार स्थिर राहत नाही. दोन्ही कारणे त्या काळी वजनदार होती. १९५१ च्या जनगणनेत देशातले साक्षर सुमारे १८ टक्के निघाले.

पण हेही विसरून चालणार नाही की खुद्द घटना समिती याच पद्धतीने निवडली गेली होती. जुलै १९४६ मध्ये प्रांतिक विधानसभांच्या सदस्यांनी एकल संक्रमणीय मताने तिचे सदस्य निवडले. मुंबई प्रांतातून काँग्रेसच्या बहुमतापुढे बाबासाहेबांना वाट नव्हती. ते निवडून आले बंगालमधून, जोगेंद्रनाथ मंडल आणि इतर मोजक्या सदस्यांच्या पसंतीवर. एकास एक बहुमताची लढत असती, तर तेवढ्या मतांना काही किंमत आली नसती. फाळणीनंतर ती जागा गेली आणि १९४७ मध्ये ते मुंबईतून, बॅ. मु. रा. जयकरांच्या रिकाम्या जागेवर, पुन्हा आले. घटनेच्या शिल्पकाराला घटना समितीचे दार उघडले ते मूठभर मतांचीही किंमत राखणाऱ्या पद्धतीने. इतिहासातली ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात ठळक असायला हवी.

आणि आकडे न लिहितासुद्धा अल्पसंख्याकाला वाटा देता येतो, हे मुंबई इलाख्याने त्याआधीच करून पाहिले होते. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत इथल्या बहुसदस्यीय मतदारसंघांत मते एकवटून देण्याची मुभा होती. तीन जागा असल्या तर मतदाराला तीन मते. ती तिघांना वाटा, नाहीतर तिन्ही एकालाच द्या. छोट्या गटाने आपली सगळी मते एका माणसामागे उभी केली तर तो निवडून येऊ शके. अशाच एका, मुंबईच्या भायखळा-परळ मतदारसंघात त्या वर्षी बाबासाहेबांसमोर काँग्रेसचे उमेदवार होते क्रिकेटपटू पाळवणकर बाळू. मते पडली १३,२४५ आणि ११,२२५. बाबासाहेब जिंकले. आज महाराष्ट्रात एकवट मताची ही पद्धत फार थोड्यांना आठवते.

साक्षरतेचा आक्षेप आता उरलेला नाही. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेतच साक्षरता ८२ टक्क्यांवर होती. स्थिरतेचा आक्षेप मात्र नीट तपासायला हवा, आणि त्यासाठी नगर शहराचे उदाहरण हाताशी आहे.

डिसेंबर २०१८ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर महापालिकेची निवडणूक झाली. १७ प्रभाग, प्रत्येकी चार जागा, एकूण ६८. शिवसेना २४, राष्ट्रवादी १८, भाजप १४, काँग्रेस ५, बसप ४, बाकीचे ३. चार जागांचा प्रभाग म्हटल्यावर अनेकांना वाटते की वाटा आपोआप पडत असेल. तसे होत नाही. प्रभागातल्या जागा अ, ब, क, ड अशा वेगवेगळ्या असतात, प्रत्येकीचे उमेदवार वेगळे, आणि मतदार चारही जागांसाठी एकेक बटण दाबतो. एकाच प्रभागात चार स्वतंत्र लढती होतात आणि चारही एकाच पक्षाला जाऊ शकतात. हीच चार जागांची एकत्र निवडणूक पसंतीक्रमाने झाली, तर कोटा पाचव्या हिश्श्याचा होईल. वीस टक्क्यांच्या वर पाठिंबा असलेल्या गटाची एक जागा पक्की.

त्या वर्षी पुढे काय झाले, ते सर्वांनी पाहिले. तिसऱ्या क्रमांकाच्या भाजपचे बाबासाहेब वाकळे राष्ट्रवादीच्या १८ नगरसेवकांच्या पाठिंब्यावर महापौर झाले आणि राष्ट्रवादीने आपल्याच नगरसेवकांवर कारवाई केली. प्रमाणशीर पद्धत नसतानाही सभागृह तुकड्यांत आले, अनपेक्षित युती झाली, मतदाराला विचारले गेले नाही. पारनेरलाही ७-६-२-१-१ हा निकाल साध्या पद्धतीनेच दिला. तेव्हा साधी पद्धत स्थिरता देते, असे निदान नगर जिल्ह्याच्या शहरांबद्दल म्हणवत नाही.

पारनेरचे आकडे या विषयाच्या अभ्यासाला फार सोयीचे आहेत. नगरपंचायतीत विषय समित्यांवरचे सदस्य गटांच्या तौलनिक संख्याबळानुसार नेमतात. म्हणूनच निकालानंतर गट नोंदवायला जिल्हाधिकारी कार्यालयात धावपळ होते. समजा, १७ नगरसेवकांतून पाच जणांची समिती करायची आहे. पसंतीक्रमाने केली तर मतमूल्य १,७००, कोटा २८४. राष्ट्रवादीच्या ७०० मधून दोन जागा जाऊन १३२ उरतात, शिवसेनेच्या ६०० मधून दोन जाऊन ३२. पाचवी जागा मोकळी. विकास आघाडीचे २००, भाजपचा १०० आणि अपक्षाचा १०० एकत्र आले तर ती त्यांची. राष्ट्रवादीने भाजप आणि अपक्षाची दुसरी पसंती मिळवली, तर ती राष्ट्रवादीची. लहान गटांचे महत्त्व इथेही राहतेच, फक्त ते मतपत्रिकेवर लिहून मोजले जाते.

युरोपात बऱ्याच ठिकाणी पक्षांच्या याद्यांना मते देतात आणि मग भागाकार करून जागा वाटतात. स्पेनच्या नगरपालिकांत बेल्जियन कायदेपंडित दॉंट यांची रीत चालते: प्रत्येक पक्षाचा आकडा १, २, ३ ने भागायचा आणि सर्वांत मोठे भागाकार निवडायचे. पारनेरच्या आकड्यांना ती लावली तर ७, ६, साडेतीन, ३ आणि २.३३ हे पहिले पाच येतात. राष्ट्रवादीला तीन, शिवसेनेला दोन, आघाडीला काही नाही. १, ३, ५ या विषम आकड्यांनी भागणारी दुसरी रीत लावली तर दोन, दोन, एक. मते तीच, प्रमाण तेच म्हणायचे, आणि तरी पाचवी जागा एकदा सर्वांत मोठ्या पक्षाकडे जाते, एकदा लहान आघाडीकडे. म्हणून ‘प्रमाणात वाटा’ एवढे म्हणून भागत नाही. कोणत्या सूत्राने, हे कायद्यात लिहावे लागते.

शहराच्या सभागृहासाठी ही पद्धत वापरण्याचा सर्वांत गाजलेला प्रयोग न्यूयॉर्कचा. १९३५ मध्ये तिथे डेमोक्रॅट पक्षाने सुमारे दोन-तृतीयांश मतांवर ६५ पैकी ६२ जागा घेतल्या होत्या. १९३७ पासून पसंतीक्रमाने निवडणूक सुरू झाली आणि सभागृहात एकदम वेगवेगळे रंग दिसू लागले. १९४१ मध्ये ॲडम क्लेटन पॉवेल हे शहराच्या सभागृहातले पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले. दोन कम्युनिस्टही निवडून आले आणि शीतयुद्धाच्या हवेत तेच निमित्त झाले. १९४७ मध्ये सार्वमताने पद्धत रद्द केली गेली. मॅसॅच्युसेट्सच्या केंब्रिज शहराने मात्र १९४१ पासून आजतागायत ती सोडलेली नाही. स्कॉटलंडच्या सर्व स्थानिक परिषदा २००७ पासून याच पद्धतीने निवडल्या जातात. नोव्हेंबर २०२४ मध्ये ओरेगनमधल्या पोर्टलंडने ती पहिल्यांदा वापरली: चार विभाग, प्रत्येकी तीन जागा, बारा सदस्य. नव्या सभागृहाची पहिलीच बैठक अध्यक्ष निवडताना ६-६ वर अडली आणि फेऱ्यांवर फेऱ्या घ्याव्या लागल्या. पारनेरच्या माणसाला हे दृश्य परके वाटणार नाही.

महाराष्ट्रात हे आणायला घटना बदलावी लागेल असे दिसत नाही. अनुच्छेद २४३ आर प्रमाणे नगरपालिकेच्या जागा प्रभागांतून थेट निवडणुकीने भरायच्या. प्रभागात जागा किती आणि मोजणी कोणत्या रीतीने, हे राज्याच्या कायद्यावर सोडले आहे. नगरपंचायतींसाठी तो कायदा १९६५ चा आहे, आणि तो बदलण्यात आपली विधानसभा मुळीच संकोच करत आलेली नाही. महापालिकांचे प्रभाग कधी दोनचे झाले, कधी चारचे, तीनचे करायचे ठरून पुन्हा चारचे. नगराध्यक्ष थेट जनतेतून, मग नगरसेवकांतून, मग २०२२ मध्ये पुन्हा थेट जनतेतून. एवढ्या बदलांत मतमोजणीच्या सूत्राला एकदाही हात लागला नाही.

पारनेरपुरते मांडायचे तर सतरा प्रभागांऐवजी चार मोठे विभाग करता येतील, तीन विभाग प्रत्येकी चार जागांचे आणि एक पाच जागांचा. चार जागांच्या विभागात पाचव्या हिश्श्याच्या मतांवर प्रतिनिधी येईल, पाच जागांच्या विभागात सहाव्या. खरे अवघड काम आरक्षणाचे आहे. निम्म्या जागा महिलांच्या, त्याशिवाय अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींच्या. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ओबीसी प्रभागांची निवडणूक थांबली आणि पारनेरसह राज्यातल्या नगरपंचायतींत काही प्रभागांचे मतदान २१ डिसेंबरला, उरलेल्यांचे १८ जानेवारीला घ्यावे लागले. मोठ्या विभागात आरक्षण असे पाळता येईल: चारपैकी दोन जागा महिलांच्या असतील, तर उरलेल्या महिला उमेदवार दोनच राहिल्या की त्यांना मोजणीत बाद करायचे नाही, पुढचा पुरुष उमेदवार बाद करायचा. हाच नियम अनुसूचित जातीच्या जागेला लावता येईल. नियम लिहायला किचकट आहे, मोजायला वेळ घेणारा आहे. नाशिकच्या शिक्षक मतदारसंघात त्रेसष्ट हजार मतपत्रिका कर्मचाऱ्यांनी हातानेच मोजल्या. पारनेरच्या अख्ख्या गावाची मते त्याहून कितीतरी कमी भरतील. आणि एखाद्या वॉर्डातली बाई दर निवडणुकीला बदलणाऱ्या सोडतीची वाट न पाहता, सलग दुसऱ्यांदा त्याच मतदारांपुढे उभी राहू शकेल, कारण तिचा विभाग ‘खुला’ झाला म्हणून तिची जागा जाणार नाही.